फाईल उघडली, तेव्हाच रिकामी झाली

विंडोजवर पायथन शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत एक अपघात इतक्या नेमाने घडतो की त्याला अपघात म्हणणंही जड जातं. गावांची नावं रोमन लिपीत असलेली एक साधी फाईल असते. प्रोग्रामने ती वाचायची, नावं देवनागरीत करायची आणि त्याच फाईलमध्ये परत लिहायची. जेमतेम सहा-सात ओळींचं काम. प्रोग्राम चालतो, पडद्यावर एन्कोडिंगची तक्रार येते आणि सगळं थांबतं. बरं, चूक शोधू, असं म्हणत मुलगी फाईल उघडून बघते, तर आत काहीच नाही. देवनागरी नावं उमटली नाहीत हे समजण्यासारखं आहे. पण रोमन नावं कुठे गेली? फाईलचा आकार शून्य बाईट.

इथे दोन वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी बिघडल्या आहेत. आधी जी आपण सहसा बघतच नाही ती बघू: फाईल उघडणं.

पायथनमध्ये फाईल उघडताना तिचं नाव द्यायचं आणि सोबत एक अक्षर. वाचायची असेल तर 'आर', शेवटी भर घालायची असेल तर 'ए', नव्याने लिहायची असेल तर 'डब्ल्यू'. या 'डब्ल्यू'चं काम लिहिणं, असं बहुतेकांच्या डोक्यात बसलेलं असतं. खरं तर त्याचं पहिलं काम पुसणं आहे. फाईल आधीपासून असेल तर उघडल्याच्या क्षणी तिची लांबी शून्य होते. त्यानंतर तुम्ही काही लिहिता की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आपल्या मुलीच्या प्रोग्राममध्ये जुना मजकूर गेला तो तक्रार यायच्या आधीच्या ओळीवर.

हा स्वभाव पायथनचा नाही. पायथनने ही अक्षरं सी भाषेकडून घेतली आणि सी भाषेच्या मागे युनिक्स उभं आहे. १९६९ मध्ये बेल लॅबमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सला सुरुवात केली. त्यात फाईल तयार करण्याची जी मूळ आज्ञा होती, ती अस्तित्वात नसलेली फाईल बनवायची आणि असलेली फाईल कापून शून्यावर आणायची. या आज्ञेच्या इंग्रजी नावात शेवटचं 'ई' गाळलेलं आहे. युनिक्स पुन्हा लिहायला घेतलं तर काय बदलाल, असं विचारल्यावर थॉम्पसन म्हणाले होते की ते 'ई' घालीन. पुसण्याबद्दल त्यांना पश्चात्ताप झाल्याचं ऐकिवात नाही, आणि होण्याचं कारणही नव्हतं.

कारण न पुसता लिहिलं तर काय होतं ते करून बघता येतं. एका फाईलमध्ये फक्त 'कोल्हापूर' लिहा. मग ती 'आर' आणि अधिक चिन्ह देऊन उघडा. म्हणजे वाचायचीही, लिहायचीही, पण कापायची नाही. त्यात 'सातारा' लिहा आणि बंद करा. आता फाईलमध्ये 'सातारा' नसतं, 'सातारापूर' असतं. कोल्हापूर नऊ चिन्हांचं, सातारा सहा चिन्हांचं. नव्याने जेवढं लिहिलं तेवढंच जुनं झाकलं गेलं आणि शेपूट राहिलं. सातारापूर हे गाव एखाद्याला खरंही वाटेल, आणि धोका नेमका तिथेच आहे. रिकामी फाईल निदान लगेच लक्षात येते.

शेपूट उरतं, कारण फाईलला आपल्या पोटात काय आहे याची जाणीवच नसते. ही गोष्ट आज आपल्याला स्वाभाविक वाटते, पण युनिक्सच्या आधी ती तशी नव्हती. १९६४ मध्ये आयबीएमने सिस्टीम/३६० जाहीर केली. त्या जगात फाईल म्हणजे नोंदींचा संच असे, आणि प्रत्येक नोंद किती लांबीची, सगळ्या सारख्या लांबीच्या की कमीजास्त, हे आधीच सांगावं लागे. ८० रकान्यांच्या छिद्रपत्रांची सवय त्या आखणीत मुरलेली होती. थॉम्पसन आणि रिची यांनी हे सगळं काढून टाकलं. १९७४ मध्ये दोघांनी युनिक्सवर जो गाजलेला निबंध प्रसिद्ध केला, त्यात हे स्पष्ट आहे की साध्या फाईलमध्ये कुठलीही ठरावीक रचना असावी अशी ऑपरेटिंग सिस्टीमची अपेक्षाच नाही. फाईल म्हणजे एकामागोमाग एक बाईट, बस. ओळ म्हणजे काय, नोंद म्हणजे काय, अक्षर म्हणजे काय, हे वाचणाऱ्याने ठरवायचं.

माझ्या मते संगणकाच्या इतिहासात इतका थोडा विचार मागणारी आणि इतकी टिकलेली दुसरी कल्पना सापडणं अवघड आहे. पण तिचा भुर्दंड असा की फाईल वाचणाऱ्याला आणि लिहिणाऱ्याला करार आपापसात करावा लागतो, आणि तो करार फाईलमध्ये कुठेही लिहिलेला नसतो.

आता आपली दुसरी बिघडलेली गोष्ट. 'पुणे' हा शब्द यूटीएफ-८ पद्धतीने फाईलमध्ये लिहिला तर डिस्कवर बारा बाईट पडतात. प हे अक्षर २२४, १६४, १७०. ह्रस्व उकार २२४, १६५, १२९. ण म्हणजे २२४, १६४, १६३ आणि वरची मात्रा २२४, १६५, १३५. म्हणजे आपण दोन अक्षरं मोजतो, युनिकोड चार चिन्हं मोजतो आणि डिस्क बारा बाईट मोजते. पायथनला या शब्दाची लांबी विचारली तर तो चार सांगेल. फाईलचा आकार विचारला तर बारा. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत.

हा करार, म्हणजेच एन्कोडिंग, सांगितला नाही तर पायथन, निदान आजवरच्या आवृत्त्यांमध्ये, त्या संगणकाची प्रचलित पद्धत धरतो. लिनक्सवर आणि मॅकवर ती यूटीएफ-८ असते. इंग्रजी विंडोजवर मात्र ती असते विंडोज-१२५२ नावाची, पश्चिम युरोपातल्या भाषांसाठी केलेली जुनी सारणी. तिच्यात एक बाईट म्हणजे एक अक्षर. देवनागरीला त्यात जागाच नाही, म्हणून लिहायला गेलं की तक्रार येते. मुलीच्या प्रोग्रामचं हेच झालं: आधी 'डब्ल्यू'ने फाईल पुसली, मग 'लिही' म्हटल्यावर सारणीने हात वर केले.

वाचताना प्रकरण जास्त मजेदार होतं. यूटीएफ-८ मध्ये लिहिलेली मराठी फाईल याच सारणीने वाचली तर काय व्हावं? प्रत्येक बाईटला सारणीत कुठलं तरी अक्षर आहे, तेव्हा कचरा दिसेल पण तक्रार येणार नाही, असं वाटतं. 'नाशिक' वाचा, तसंच होतं: डोक्यावर तिरकी रेघ असलेले लॅटिन 'ए', चलनाचं ते गोल चिन्ह आणि इतर अगम्य खुणा यांची माळ, पण तक्रार नाही. 'सातारा', 'ठाणे', 'मराठी' यांचंही तेच. पण 'पुणे' वाचायला घेतलं की प्रोग्राम कोसळतो. याचं कारण असं की १२५२ सारणीत पाच जागा रिकाम्या सोडलेल्या आहेत: १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. पायथन त्यांना अक्षर मानायला नकार देतो. आणि ह्रस्व उकाराचा शेवटचा बाईट नेमका १२९ आहे. हलन्ताचा १४१. ए चा १४३, ऐ चा १४४, झ चा १५७. चंद्रबिंदू आणि ऍ हेही याच सापळ्यात सापडतात.

म्हणून 'कोल्हापूर' ल्ह या जोडाक्षरापाशी अडतं, 'महाराष्ट्र' ष्ट्र पाशी अडतं, आणि चाचणीसाठी घेतलेली तीन-चार सरळ नावं विनातक्रार पार होतात. प्रोग्राम 'कधी चालतो, कधी चालत नाही' अशी जी तक्रार ऐकू येते, तिच्या मुळाशी बऱ्याचदा एखादा उकार किंवा एखादं जोडाक्षर असतं. कुणी 'पूणे' असा दीर्घ ऊकार लिहून ठेवला असेल, तर तो बिनबोभाट वाचला जातो. शुद्ध लिहिणाऱ्याला शिक्षा करणारी संगणकीय चूक मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

इलाज एका ओळीचा आहे: उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट सांगायचं, वाचताना आणि लिहितानाही. पायथनच्या ३.१५ या आवृत्तीपासून न सांगताही हेच गृहीत धरायचं ठरलं आहे. पण जगभर पडून असलेल्या जुन्या आवृत्त्यांचं काय, म्हणून सांगायची सवय असलेली बरी.

यूटीएफ-८ कुठून आलं, तर पुन्हा थॉम्पसन यांच्याच टेबलावरून. १९९२ च्या सप्टेंबरमध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत केन थॉम्पसन आणि रॉब पाईक रात्रीचं जेवत होते. जगातल्या सगळ्या लिप्या फाईलमध्ये कशा बसवायच्या यावर एक्स/ओपन या गटाचा एक प्रस्ताव तेव्हा चर्चेत होता, आणि तो या दोघांना पुरेसा नेटका वाटत नव्हता. थॉम्पसन यांनी ताटाखालच्या कागदावर नवी मांडणी आखली आणि काही दिवसांतच ती त्यांच्या प्लॅन ९ या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालूही झाली. तिच्या पहिल्या नावाचा अर्थच 'फाईल सिस्टीमला सुरक्षित' असा होता. युनिक्समध्ये फोल्डर वेगळे करणारी तिरकी रेघ म्हणजे ४७ क्रमांकाचा बाईट. दुसऱ्या कुठल्या लिपीतल्या अक्षराच्या पोटात चुकून ४७ आला, तर फाईलचं नाव मधूनच तुटेल. थॉम्पसन यांच्या मांडणीत इंग्रजी अक्षरं, आकडे, स्वल्पविराम, ओळीचा शेवट हे सगळे १२८ च्या खालीच राहतात, आणि देवनागरी अक्षराचा एकही बाईट १२८ च्या खाली कधीच येत नाही. म्हणून मराठीचा गंधही नसलेला, चाळीस वर्षांपूर्वीचा एखादा प्रोग्राम आजची मराठी यादी स्वल्पविरामावर बिनचूक तोडतो.

आणखी एक खुबी आहे. अक्षराचा पहिला बाईट सोडला तर पुढचे सगळे १२८ ते १९१ या टापूत असतात. समजा, मोठी फाईल तुम्ही १०२४ बाईटच्या तुकड्यांनी वाचताय आणि मजकूर सलग देवनागरी आहे. १०२४ ला तीनने भागलं तर एक उरतो. म्हणजे पहिला तुकडा ३४२ व्या चिन्हाचा फक्त एक बाईट घेऊन संपतो. असा तुटका तुकडा थेट मजकुरात बदलायला गेलात तर पायथन तक्रार करेल, आणि ते योग्यच आहे. पण कुठल्याही जागेवरून मागे दोन-तीन बाईट पाहिलं की अक्षर कुठे सुरू झालं ते कळतंच. मजकूर म्हणून उघडलेल्या फाईलमध्ये हे जोडकाम पायथन स्वतः करतो. बाईट म्हणून उघडली तर ते तुमच्या गळ्यात.

मराठी वाचकांना या कराराचा जुना अनुभव आहे, फक्त तो या नावाने आलेला नाही. श्रीलिपी किंवा आयएसएमच्या काळातल्या फाईली, नव्वदच्या दशकातल्या कितीतरी दिवाळी अंकांच्या पेजमेकरमधल्या फाईली, आज उघडल्या तर कचरा दिसतो. त्यात देवनागरी कधी नव्हतीच. बाईट होते रोमन किंवा इतर खुणांचे, आणि फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी आकार काढत असे. प्रत्येक कंपनीची जुळणी वेगळी. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे सरकारी मानक १९९१ मध्ये पक्कं झालं होतं, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही आली होती, पण छपाईच्या धंद्याने फॉन्टचाच रस्ता धरला. फाईल शाबूत आहे, एकही बाईट हरवलेला नाही, आणि तरी मजकूर मात्र गेला, अशी ती अवस्था.

एक्सेलची गोष्ट थोडक्यात सांगतो. पायथनने यूटीएफ-८ मध्ये लिहिलेली सीएसव्ही फाईल एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडली की विंडोजवर मराठीचा कचरा दिसतो. फाईलच्या सुरुवातीला २३९, १८७, १९१ हे तीन बाईट असतील तर मात्र एक्सेल ओळखतो. पायथनमध्ये त्यासाठी 'यूटीएफ-८-सिग' हे एन्कोडिंग आहे. ते वापरून लिहिलेली फाईल पुढे कुणी नुसत्या यूटीएफ-८ ने वाचली, तर पहिल्या रकान्याच्या शीर्षकाला एक अदृश्य चिन्ह चिकटून येतं. मग 'नाव' नावाचा रकाना डोळ्यांसमोर असतो आणि प्रोग्राम म्हणतो की असा रकाना नाही. दोन्ही बाजूंना सिग वापरावं. चिन्ह नसलं तरी वाचताना त्याने बिघडत नाही.

वाचण्याबद्दल एवढंच: फाईल वाचताना ऑपरेटिंग सिस्टीम आपण कुठवर आलो ती जागा धरून ठेवते, पोथी वाचताना ओळीवर बोट ठेवावं तशी. सगळी फाईल एकदा वाचली की बोट शेवटी. पुन्हा वाच म्हटलं तर रिकामा मजकूर मिळतो, तक्रार मात्र येत नाही. बोट परत सुरुवातीला न्यायचं काम आपलं.

लिहिण्याचा खरा पेच पुढे आहे. 'लिही' ही आज्ञा यशस्वी झाली, म्हणजे मजकूर डिस्कवर गेला, असं नाही. तो आधी पायथनच्या स्वतःच्या बफरमध्ये साठतो. वर्षानुवर्षं हा बफर ८१९२ बाईटचा होता. तो भरला, किंवा फाईल बंद केली, की मजकूर ऑपरेटिंग सिस्टीमकडे जातो. तीही लगेच डिस्कवर लिहीत नाही. लिनक्स साधारण अर्धा मिनिट मजकूर मेमरीत धरून ठेवतो, कारण मेमरी काही नॅनोसेकंदांत उत्तर देते आणि फिरत्या हार्ड डिस्कचा हात योग्य जागी पोचायलाच काही मिलिसेकंद लागतात. शेवटी डिस्कलाही स्वतःची मेमरी असते. म्हणजे वाटेत तीन थांबे. प्रोग्राम कोसळला तर पहिल्या थांब्यावरचं जातं. वीज गेली तर तिन्ही थांब्यांवरचं.

पहिल्या थांब्यासाठी पायथनमध्ये 'विथ' आहे. ते २००६ मध्ये, २.५ या आवृत्तीत आलं. त्याच्या आतला भाग कसाही संपो, सरळ किंवा तक्रारीने, फाईल बंद होते आणि बफर रिकामा होतो. ज्यांनी ती सवय लावली नाही त्यांचंही बरेचदा निभावतं, कारण नेहमीचा पायथन वापरात नसलेली फाईल स्वतःहून बंद करतो. पायपाय हा त्याचा वेगवान भाऊ तसं लगेच करत नाही. तोच प्रोग्राम तिकडे नेला की अर्ध्या लिहिलेल्या फाईली दिसू लागतात.

पुढच्या थांब्यांनी काय घोटाळा होतो, ते २००९ च्या सुरुवातीला लिनक्स वापरणाऱ्या बऱ्याच लोकांनी पाहिलं. ईएक्सटी-४ ही नवी फाईल सिस्टीम नुकतीच, डिसेंबर २००८ मध्ये, स्थिर म्हणून जाहीर झाली होती. संगणक अचानक बंद पडून पुन्हा सुरू केला की केडीई या डेस्कटॉपच्या मांडणीच्या फाईली शून्य बाईटच्या सापडत. आधीची ईएक्सटी-३ दर पाच सेकंदांनी मजकूर डिस्कवर उतरवत असे, त्यामुळे ढिसाळ प्रोग्रामही तरून जात. नवी फाईल सिस्टीम मजकुराला डिस्कवर जागा द्यायचं कामच लांबणीवर टाकी. कापणं आधी नोंदलं जाई, मजकूर मागाहून, आणि मधल्या वेळात वीज गेली तर संपलं. फाईल सिस्टीमचे एक प्रमुख कर्ते थिओडोर त्सो यांचं म्हणणं होतं की नियमाने कुणी अशी हमी दिलेलीच नव्हती. मजकूर डिस्कवर हवा असेल तर प्रोग्रामने 'एफसिंक' ही आज्ञा देऊन तो मागून घ्यावा. नियमाच्या बाजूने ते बरोबर होते. ज्यांच्या फाईली गेल्या त्यांना ते पटलं नाही, आणि शेवटी त्सो यांनीच अशा प्रोग्रामांना सांभाळून घेणारी दुरुस्ती लिनक्सच्या २.६.३० या आवृत्तीत घातली.

नीट करायचं तर रीत अशी. मूळ फाईलला हातच लावायचा नाही. त्याच फोल्डरमध्ये दुसऱ्या नावाने तात्पुरती फाईल उघडायची आणि सगळा मजकूर तीत लिहायचा. पायथनचा बफर 'फ्लश'ने रिकामा करायचा, मग 'एफसिंक' करायचं, म्हणजे मजकूर डिस्कवर पोचेपर्यंत ऑपरेटिंग सिस्टीम प्रोग्रामला थांबवून ठेवते. शेवटी 'रिप्लेस' वापरून तात्पुरत्या फाईलला मूळ नाव द्यायचं. हे नामांतर अखंड असतं: वाचणाऱ्याला एक तर जुनी फाईल दिसते नाही तर नवी, अर्धवट कधीच नाही. फोल्डर तेच हवं, कारण एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर नामांतर होत नाही, तिथे नक्कल करावी लागते आणि अखंडपणा जातो. आपल्या मुलीने हे केलं असतं, तर देवनागरीची तक्रार आली असतीच, पण तात्पुरत्या फाईलवर. रोमन यादी जागच्या जागी राहिली असती. विंडोजवर एक अडचण येते: तीच फाईल कुणी एक्सेलमध्ये उघडून ठेवली असेल तर 'रिप्लेस'ला परवानगी नाकारली जाते. एक्सेल बंद करणं, एवढाच उपाय.

एफसिंकवरही किती विसंबायचं, हा प्रश्न २०१८ मध्ये निघाला. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या लोकांच्या लक्षात आलं की लिनक्सवर डिस्क बिघडून एफसिंक फसलं, तर ती तक्रार एकदाच मिळते. पुन्हा एफसिंक केलं की यशस्वी झाल्याचं उत्तर येतं, जरी तो मजकूर डिस्कवर कधीच पोचलेला नसला. पहिल्या अपयशानंतर लिनक्स तो मजकूर लिहून झाला असं धरून मोकळा होतो. पोस्टग्रेस वीसेक वर्षं 'फसलं तर पुन्हा करू' या भरवशावर चालत आलं होतं. फेब्रुवारी २०१९ च्या दुरुस्त आवृत्त्यांपासून एफसिंक फसलं की ते दुसऱ्यांदा विचारत नाही. ते स्वतःला तिथल्या तिथे बंद पाडतं आणि आधी लिहून ठेवलेल्या नोंदींवरून सगळा मजकूर नव्याने उभा करतं.